माय, आप्पा, फुई आणि कोची

केरळला जायचं म्हटलं की आमच्याकडे लोक यादीच म्हणायला लागतात. मुन्नार, ठेकडी, अलेप्पी, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी, आणि येताना जमलं तर रामेश्वर. आठवड्यात सगळं उरकायचं, निम्मा वेळ गाडीत डुलक्या घ्यायच्या आणि घरी येऊन अंग दुखतं म्हणून पडून राहायचं. मला ते नको होतं. आप्पांचे म्हणजे वडिलांचे गुडघे, फुईची म्हणजे आत्याची शुगर आणि बँकेतली माझी रजा, तिन्ही सांभाळून बसेल असं एकच शहर हवं होतं. समुद्र हवा, बघायला जुनं काहीतरी हवं, आणि जळगावला गाडीत बसलं की थेट तिथेच उतरता यावं. असं शोधलं की कोची हाती लागतं.

गाडी म्हणजे मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस, नंबर 12618. दिल्लीच्या निजामुद्दीनहून निघते, भुसावळ, जळगाव, मनमाड करत कल्याण, पनवेलला येते आणि तिथून कोकण रेल्वे धरून एर्नाकुलमला जाते. रोज आहे. जळगावचे कित्येक लोक हिला ‘मुंबईकडे जाणारी रात्रीची एक गाडी’ एवढंच ओळखतात. तिकीट काढताना कोची असं शोधत बसू नका, एर्नाकुलम जंक्शन टाका. कोचीचा मुख्य जमिनीवरचा, गजबजलेला भाग म्हणजे एर्नाकुलम, आणि आपल्याला जे बघायचं असतं ते फोर्ट कोची आणि मट्टनचेरी खाडीच्या पलीकडे.

रिझर्व्हेशनचं सविस्तर सांगते, कारण म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना अर्धी सहल तिथेच ठरते. पूर्वी 120 दिवस आधी तिकीट निघायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. सकाळी आठला खिडकी उघडते तेव्हा बसायचं. दुसरं म्हणजे खालचा बर्थ. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर. चौघांचं एकत्र तिकीट काढलं की तो कोटा मिळत नाही. म्हणून माय-आप्पांचं एक, फुईचं वेगळं आणि माझं तिसरं, अशी तिकिटं काढली. आमच्या चुलतभावाला हा प्रकार फार चमत्कारिक वाटला, ‘एकाच घरचे अन् तिकिटं तीन?’ पण तिघांनाही खालचे बर्थ मिळाले. मी वर चढले, मला काय. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मात्र 2020 मध्ये बंद झाली ती झालीच, आप्पांना ते अजून पटलेलं नाही.

महिना जानेवारीचा धरला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, आणि केरळात पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय जानेवारीत आमच्या चोपड्याकडे कडाक्याची थंडी, केळीची वाढ थांबलेली, त्यामुळे आप्पांना बागेतून निघायला सबब उरली नाही. तरी निघताना गड्याला कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, पाण्याबद्दल तीनतीनदा बजावून झालं.

मायने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि एक डबा भरून चिवडा बांधला. आप्पा माळकरी, त्यामुळे ‘तिकडे सगळीकडे मासेच’ ही धास्ती. तिघांचे स्वेटर, शाली, कानटोप्या. मी काही बोलले नाही.

रात्री जळगावला बसलो. मधला दिवस अख्खा गाडीत जातो, पण तो वाया जात नाही. उजाडताना आपण कल्याण-पनवेलच्या आसपास असतो आणि मग दिवसभर कोकण. बोगदा, पूल, बोगदा, खाली नदी, परत बोगदा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तो संपता संपत नाही आणि फुईने तेवढ्यात हरिपाठातले चार अभंग म्हणून घेतले. आप्पा खिडकीला नाक लावून. त्यांची शंका एकच, एवढं पाणी आणि एवढी हिरवळ असताना या लोकांची पोरं मुंबईला का जातात. समोरच्या बर्थवरच्या चिपळूणच्या गृहस्थांनी यावर जे भाषण दिलं ते गोवा येईपर्यंत पुरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एर्नाकुलमला उतरलो आणि शाली, टोप्या सगळं बॅगेत गेलं ते परतीच्या गाडीत मनमाड येईपर्यंत बाहेर निघालं नाही. फुईचं पहिलं वाक्य आमच्या अहिराणीत, ‘घर थंडी, आठे घाम.’ म्हणजे घरी थंडी, इथे घाम. तापमान तिशीच्या आसपासच होतं, आपल्या मेच्या पंचेचाळिसाला सरावलेल्या माणसाने हसावं असं. पण ती हवा चिकट असते. दोन तासांत ब्लाउज अंगाला बसतो आणि वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच.

राहायचं कुठे हा खरा प्रश्न असतो. स्टेशनजवळ स्वस्त लॉज भरपूर आहेत, पण मग रोज खाडी ओलांडून यायचं-जायचं. आम्ही फोर्ट कोचीत एका घरगुती होमस्टेत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घेतली. तळमजला, हे फोनवर दोनदा विचारून घ्या. जुनी डच-पोर्तुगीज घरं, लाकडी जिने, दिसायला छान आणि गुडघ्यांना वैरी.

स्टेशनवरून फोर्ट कोचीला रिक्षाही जाते, पूल आहेत. पण मी म्हणेन पाण्यानेच जा. हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रो सुटते. एप्रिल 2023 मध्ये ही सेवा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी फोर्ट कोचीचा धक्का जोडला गेला. बॅटरीवर चालणारी, एसी, काचेच्या मोठ्या खिडक्यांची बोट, तिकीट चाळीस रुपये. चढताना-उतरताना धक्का आणि बोट एका पातळीवर असतात, आप्पांनी काठीसुद्धा टेकवली नाही. सरकारी जुनी बोट दहा रुपयांच्या आत नेते आणि खरी मजा तिच्यात आहे, लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, इंजिनाचा धडधडाट, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. म्हणून जाताना मेट्रो आणि नंतर हिंडताना जुनी बोट, असं ठेवलं. वायपिन बेटाकडे जाणारी एक तिसरीही आहे, तिच्यात ट्रक, रिक्षा, मोटरसायकली आणि माणसं एकत्रच चढतात आणि पाच-दहा मिनिटांत पलीकडे. त्या बोटीवर माय कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, ‘माय व, किती पानी शे!’ आयुष्यभर तापी पाहिलेली बाई.

चिनी जाळी संध्याकाळी सगळेच बघतात, आम्ही सकाळी सातला गेलो. उंचच उंच लाकडाच्या सांगाड्याला पसरलेलं जाळं, मागे दोरांना लोंबणारे मोठे मोठे दगड. चार-सहा माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळं वर. पाण्यात ते काही मिनिटंच असतं, वर येतं तेव्हा आत मूठभर चंदेरी मासे आणि बराचसा कचरा. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली की मकाऊहून पोर्तुगीजांनी, यावर दोन्हीकडचे लोक ठाम असतात. आप्पांना माशांशी देणंघेणं नव्हतं, ते मागे जाऊन दगड कसे बांधलेत ते बघत होते. आमच्याकडे विहिरीवर मोट होती तेव्हाची त्यांची नजर. तिथले मच्छीमार दोर ओढायला बोलावतात आणि मग पैसे मागतात, तेवढं आधी ठरवून घ्या.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये इथे लाकडी चर्च उभं केलं, भारतातलं युरोपियनांचं सगळ्यात जुनं. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला तेव्हा इथेच पुरला होता, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. शाळेत ज्याचं नाव घोकलं तो माणूस या एवढ्याशा चर्चमध्ये पडून होता याचं मला आश्चर्य वाटलं. पण फुई वर बघत होती. छताला आडवे कापडी पंखे टांगलेले, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या. बाहेर उभं राहून नोकराने दोरी ओढायची आणि आत साहेबाने वारा खायचा. फुईने तोंडाने चकचक केलं, बाकी काही नाही.

फोर्ट कोचीचा समुद्रकिनारा मात्र डोक्यातून काढून टाका. वाळू थोडी, वाहून आलेली जलपर्णी फार, पोहण्याचं नाव नको. गोव्याची सवय असेल तर निराशाच होईल. तिथलं खरं काम म्हणजे कट्ट्यावर बसून जहाजं बघणं, त्याबद्दल पुढे सांगते.

मट्टनचेरीचा दिवस निवडताना वार बघा. तिथला राजवाडा शुक्रवारी बंद आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद, म्हणजे शनिवार-रविवार धरून येणारे नेमके चुकतात. आम्ही मंगळवारी गेलो. राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला आणि नंतर डचांनी दुरुस्त केलेला, म्हणून डच पॅलेस. आतल्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. माय-फुई प्रत्येक प्रसंग ओळखून एकमेकींना सांगत होत्या, गाईडची गरज पडली नाही. प्रार्थनास्थळ 1568 मधलं. चपला काढून आत जायचं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या, त्यामुळे एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. हे ऐकल्यावर आम्ही चौघं खाली माना घालून दोन सारख्या शोधत फिरलो. वर एवढी काचेची झुंबरं, ती नंतर आठवण करून दिल्यावर पाहिली. ज्यू आता जवळजवळ सगळे इस्रायलला गेले.

बाजाराच्या रस्त्याला सुंठ आणि मिरीचा वास कपड्यात बसतो. एका मसाल्याच्या दुकानात म्हातारे शेठ कोकणी बोलणारे निघाले. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून खाली आलेल्या घरांपैकी, अशी बरीच घरं मट्टनचेरीत आहेत. माय अहिराणीत भाव पाडत होती, ते कोकणीत नाही म्हणत होते, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. मिरी, दालचिनी आणि लवंग घेऊन बाहेर पडलो तेव्हा तिने ठरवलेल्याच भावात घेतलं होतं.

जेवणाची धास्ती फुकट गेली. मट्टनचेरीत गुजराती रोड नावाचा रस्ताच आहे, गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे पोळी-डाळ मिळते. इतरत्र शाकाहारी हॉटेलात केळीच्या पानावर भात, सांबार, अवियल म्हणजे खोबरं घातलेली मिश्र भाजी. तांदूळ लालसर, जाड, आप्पांना आवडला नाही. हॉटेलात प्यायला कोमट गुलाबी पाणी येतं, कसल्याशा लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं. आप्पांनी ग्लास उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि बाटली मागवली. फुई रोज दोन ग्लास प्यायची.

खरा कार्यक्रम झाला तो केळीच्या दुकानापाशी. छतापासून घडच्या घड टांगलेले, आणि मधोमध नेंद्रन. वीतभर लांब, कोनेदार, जाड सालीचं. आप्पांनी हातात घेतलं, वजन केलं, कडेला नख लावलं. ‘हाई केयी शे का काय शे?’ दुकानदाराने हसून एक पिकलेलं सोलून दिलं. आपल्याकडच्या जी-नाइन जातीच्या केळ्यासारखं ते तोंडात विरघळत नाही, चावावं लागतं, आणि तिथले लोक ते उकडूनही खातात. शेजारीच कढईत खोबरेल तेलात चिप्स पडत होते. पिवळे, जाड, आपल्या वेफर्ससारखे पातळ नव्हेत. आप्पा आणि दुकानदार अर्धा तास बोलले. आप्पांचं हिंदी आमच्या घरात प्रसिद्ध आहे, समोरच्याचं त्याहून अवघड. तरी घडाचं वजन किती, करपा पडतो का, व्हायरस येतो का, क्विंटलला काय मिळतं, एवढं सगळं झालं. आपल्यापेक्षा चढा भाव ऐकून आप्पांचा चेहरा पडला. रावेर-चोपड्यात केळीचा भाव कसा ठरतो हे ज्याला माहीत आहे त्याला कारण सांगायला नको.

त्याच संध्याकाळी आम्ही फोर्ट कोचीच्या कट्ट्यावर बसलो होतो. बंदराचं तोंड तिथे इतकं अरुंद आहे की मोठी जहाजं अगदी समोरून जातात. वल्लारपाडमला कंटेनरचं टर्मिनल आहे, तिकडे एक जहाज निघालं होतं. कंटेनरांच्या सात-आठ थरांची भिंतच सरकत चालली. आजूबाजूची पोरं ओरडत होती. आप्पा कंटेनर मोजायला लागले, मग सोडून दिलं. आमच्याकडची केळी पॅकहाउसमध्ये धुऊन, खोक्यात भरून, थंड कंटेनरातून न्हावाशेवा बंदराला जाते आणि तिथून आखाती देशांत, हे त्यांना माहीत आहे. त्यांचा स्वतःचा माल दोनदा गेलाय. पण ट्रक बांधावरून वळला की पुढचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

‘आपली केयी अशीच जास का?’

मी म्हटलं, अशीच. पांढरे दिसतात ते बहुतेक थंडे कंटेनर. मग ते फक्त पांढरे मोजत राहिले.

परतीची गाडी एर्नाकुलमहून दुपारी असते, त्यामुळे शेवटची सकाळ मोकळी मिळते. चिप्सची खरेदी तेव्हाच करा, ताजे गरम. खोबरेल तेलाचा वास आपल्याकडच्या निम्म्या पाहुण्यांना चालत नाही, हेही धरून ठेवा. आमच्या घरी ते डबे फुईनेच संपवले.

आल्यावर मामा भेटायला आले. पहिला प्रश्न ठरलेलाच, मुन्नार पाहिलं का? आप्पा म्हणाले, ‘मुन्नारले काय शे? डोंगरच ना? सातपुडा आपला मांगेच शे.’ मामांना पटलं नाही, ते मार्चमध्ये मुन्नारलाच जाणार आहेत. गाडी हीच आहे, एर्नाकुलमला उतरून पुढे घाटाने चार-पाच तास बस. मामींना गाडी लागते, तेवढ्या गोळ्या घेऊन ठेवा म्हटलं.