बाटलीतला तपकिरी साका

सागरविज्ञानातली कारकीर्द म्हणजे बोट आणि निळे पाणी, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात पहिली वर्षे आचऱ्याच्या खाडीत, कांदळवनातल्या गुडघाभर चिखलात गेली. ओहोटीची वेळ हीच कामाची वेळ.

पाण्याचा नमुना बाटलीत घेताना हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावायचे. साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. ही विंकलर पद्धत १८८८ सालची, आणि अजून तिच्यावरच इलेक्ट्रॉनिक मापके पडताळली जातात. एकदा माझ्या घाईमुळे बुडबुडे राहिले आणि दिवसभराचे आकडे टाकून द्यावे लागले.

त्याच दिवशी मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढणाऱ्या एक काकी म्हणाल्या, "गाळाक वास मारूक लागलो की मुळे वर येतत." मी ते वहीच्या समासात, काहीशा अविश्वासानेच, लिहून ठेवले. तळाशी प्राणवायू घटला की शिंपले वरच्या थराकडे सरकतात, हे मला बऱ्याच नंतर शोधनिबंधांत वाचायला मिळाले. तेव्हापासून नमुने घेण्याची जागा मी आधी काकींना विचारतो.