बुखाऱ्यात 'बुखारा' गालिचा घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

'बुखारा' म्हणून जगभर विकला जाणारा, लालभडक, अष्टकोनांच्या रांगा असलेला गालिचा उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्याचा नाहीच. तो तुर्कमेनांचा. काराकुम वाळवंटाच्या आसपास तंबूत राहणाऱ्या तेक्के, सालोर, योमुत टोळ्यांच्या बायका तो विणायच्या. माल विकायला बुखाऱ्याच्या बाजारात यायचा आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांनी बाजाराचंच नाव मालाला चिकटवलं. त्या अष्टकोनाला 'गुल' म्हणतात, टोळीगणिक वेगळा. तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर असे पाच गुल आहेत.

घुमटांखालच्या बाजारात हे कोणी आपणहून सांगत नाही. एका दुकानदाराने चहा पाजला, गालिच्यावर गालिचे उलगडले आणि "इथलाच, शुद्ध रेशीम" म्हणत ९०० डॉलर सांगितले. मी वरच्या लवेतले दोन-चार धागे मागून घेतले आणि बाहेर जाऊन काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, काळी गोळी उरते आणि ती बोटांत चुरडते. हे धागे कागदासारखे भुर्रकन जळून गेले. व्हिस्कोस, म्हणजे नकली रेशीम! परत जाऊन सांगितलं तर आकडा थेट २५० वर आला. अजून डोकं तापतं.

तेव्हा रेशमाच्या नादी लागूच नका, लोकरीचा घ्या. जुने तुर्कमेन गालिचे बहुतेक लोकरीचेच. गालिचा उलटा करा. हाताने गाठी मारलेला असेल तर मागेही नक्षी स्वच्छ दिसते. झालर म्हणजे ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं. वेगळी शिवलेली दिसली तर उठून चालू लागा. धागा जाळायचा तर लवेतलाच, कारण ताणा सुती असू शकतो. दुकानदार धागा देत नसेल तर तिथे रेशमाचे पैसे मोजू नका. ५० वर्षांहून जुना माल परवानगीच्या कागदाशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. 'शंभर वर्षांचा आहे' म्हणणाऱ्याकडे आधी तो कागद मागा.

रेल्वे स्टेशन कागानला आहे, जुन्या शहरापासून बरंच लांब. दारातले टॅक्सीवाले वाट्टेल ते मागतात. यांडेक्स अ‍ॅपवरून गाडी बोलवा. १५७७ सालचा अब्दुल्ला खान तीम (छताखालचा जुना बाजार) मात्र जरूर बघा, भर उन्हातही आत गार असतं. जुलैत दुपारी बाहेर फिरणं अशक्य, बाजार सकाळीच उरका.

खरा तेक्के गालिचा बघायचाच असेल तर तुर्कमेनिस्तानच्या राजधानीत, अश्गाबातला, गालिच्यांचं संग्रहालय आहे. तुर्कमेनिस्तानचा व्हिसा सहज मिळत नाही, अर्ज बराच आधी करा.