हिला लाईट लागत नाही
सकाळी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान उघडलं अन् कॉम्प्युटर चालूच होईना. आतून नुसतं टक्... टक्... हार्ड डिस्क गेली. सोयाबीनची आवक जोरात, दारात शेतकरी पट्टीसाठी (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी) उभे, आणि आडतीचं सगळं खातं त्या डबड्यात.

नशीब, बॅकअप होता. पण बाहेरच्या डिस्कवरची तारीख बघतो तर गेल्या गुरुवारची! बॅकअप रोज आपोआप होतो म्हणून मी निवांत. डिस्कची केबल काढून कुणीतरी तिथं मोबाईल चार्जिंगला लावलेला. (कुणीतरी म्हणजे मीच.)

नवी एसएसडी, विंडोज, सॉफ्टवेअर, यात दुपार झाली. रिस्टोअर मात्र आधी वेगळ्या फोल्डरात करून तपासलं. मागं एकदा चालू डेटावरच जुना बॅकअप चढवून नव्या नोंदी पुसल्या होत्या, तो चटका अजून आहे. ९९ टक्क्यांवर आलं अन् लाईट गेली. इन्व्हर्टरनं धरलं म्हणून, नाहीतर मी रडलोच असतो.

अण्णा गादीवरून सगळं बघायलेच होते. कच्ची वही पुढं सरकवली, "घे. हिला लाईट लागत नाही."

मग गुरुवारनंतरच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा टाकल्या. वजन, भाव, हमाली, तोलाई. मुनीमकाका वाचायले, मी टायपायलो. रात्री आठला संपलं, तर रोकड जुळेना. चाळीस रुपये कमी.

अण्णा चपला घालत म्हणाले, "चहाचे लिहिलास का?"