बारापट

दादाने ते प्रेमानेच केलं, हे आधी लिहून ठेवते. पुढे चिडचिड उतरेल, त्यात ही गोष्ट मागे पडायला नको.

वास्तुशांतीला दारात चपला काढून आत गेले तर समोरच्या भिंतीवर माझी गच्ची. जूनमध्ये काढलेलं माझं चित्र, दोन बाय तीन इंचांचं. काळी पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, मागे भरून आलेलं आभाळ आणि कपडे गोळा करायला धावत आलेली बाई. आता ती दोन फूट बाय तीन फूट झाली होती. कॅनव्हासवर प्रिंट, कडेने लाकडी पट्टी, वर खास तिच्यासाठी बसवलेला फोकस. दादा माझ्या तोंडाकडे बघत उभा. "कसं वाटलं सरप्राइज?" वहिनी म्हणाली, "आता कसं, सगळ्यांना दिसतंय!" मी म्हटलं, "अरे बापरे, केवढं मोठं." दादा खूश झाला.

जेवणं उरकल्यावर आत्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "सगळं झकास आहे गं. पण हिला चेहरा का नाही काढलास?"

एवढंच. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

चेहरा काढलाय मी. बर्न्ट अंबरचा एक ठिपका, जेमतेम मिलिमीटरभर. टेकवताना ब्रश अगदी किंचित डावीकडे ओढला, त्यामुळे ती बाई पळता पळता मागे वळून ढगाकडे बघते आहे असं दिसतं. त्या चित्रात मला सगळ्यात जास्त आनंद त्या ठिपक्याने दिला होता. दोन इंचांचे दोन फूट म्हणजे बारापट. मिलिमीटरचा ठिपका बारा मिलिमीटरचा होतो आणि बारा मिलिमीटरवर तो चेहरा राहत नाही, तपकिरी डाग होतो. दोरी मी अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने काढली होती, ती सहा मिलिमीटरची झाली. त्या जाडीच्या दोरखंडावर कुणी पंचे वाळत घालत नाही. कागदाचा एक तंतू आभाळात उभा राहिला होता, मला तो मुळात कधी दिसलाच नव्हता. क्षेत्रफळ धरलं तर 144 पट. 144 पट माझं चित्र, आणि माझं त्यात काहीच नाही.

हे लागलं. पण इतकं का लागावं? आत्याला राग येण्यासारखं काही नव्हतं, तिने जे समोर होतं तेच विचारलं.

बहुतेक हे त्या एका दिवसाचं नाहीच. "आता मोठं कधी काढणार?" हे इतक्या वर्षांत इतक्यांनी विचारलंय, आणि सगळ्यांनी मायेनेच विचारलंय. छोटं म्हणजे तयारी, छोटं म्हणजे नमुना. फ्रेमवाला माउंट कापता कापता म्हणतो, "मॅडम, चित्रापेक्षा माउंट मोठा होतोय." गॅलऱ्यांमध्ये किंमत स्क्वेअर इंचावर काढतात. त्या हिशोबाने माझं चित्र सहा इंचांचं. महिनाभराचा ध्यास, आणि गुणाकार केला की फ्रेमचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. आमच्या वर्गातला तो आता आठ-आठ फुटांचे कॅनव्हास करतो. चांगले करतो. त्याच्याबद्दल आज नको.

रात्री हेच उलटंपालटं करत पडले होते. मोठ्या कॅनव्हासला मी घाबरते का? जागा नाही म्हणून छोटं, हे खरं कारण आहे की सोयीचं? सुरुवात तर पलंगाशेजारच्या स्टुलावर झाली, आईच्या त्या महिन्यांत. मांडीवर वही, औषधांच्या खोक्यांचे कापलेले पुठ्ठे. तिथे तेवढंच शक्य होतं. पण ते दिवस संपल्यावरही मी मोठ्या कागदाकडे वळले नाही, आणि वळावंसं वाटलं नाही.

कारण मला याच्यात सुख मिळतं. कुणी विचारलं नाही म्हणून मी कधी सांगितलं नाही, तर इथे तरी नीट लिहिते.

कागद तळहातात मावतो. मनगट टेबलावर टेकलेलं असतं, हलतात ती बोटं. रेघ वळवायची तर हात वळवायचा नाही, कागद फिरवायचा. लोकांना वाटतं इतक्या बारीक कामाला ट्रिपल झिरोचा ब्रश लागत असणार. आहे माझ्याकडे, पडून आहे. त्याच्या पोटात रंगच राहत नाही, बशीपासून कागदापर्यंत येईतो टोक सुकतं. मी दोन नंबरचा वापरते. केस चांगले असले की पोटात पाणी धरतो आणि टोक हवं तितकं बारीक होतं. कागद मात्र गुळगुळीत लागतो. खरबरीत कागदावर अल्ट्रामरीनची कणी खाचांमध्ये बसते. मोठ्या चित्रात त्याने आभाळ जिवंत होतं, माझ्या दोन इंचांत एकेक खाच टाकीएवढी दिसते. हे सगळं हाताने शिकवलंय, कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे चित्र पूर्ण वेळ पूर्ण दिसत असतं. मोठ्या कॅनव्हासवर चार पावलं मागे गेल्याशिवाय काय चाललंय ते कळत नाही. इथे ब्रश कागदाला टेकलेला असतानाच अख्खं चित्र डोळ्यांत असतं. त्या गच्चीत सगळं करडं-काळं झालं होतं आणि दोरीवर शेवटी एक लाल टॉवेल टेकवला, एकाच फटकाऱ्यात. टेकवला त्या क्षणी मागचं आभाळ आणखी काळं झालं. मी आभाळाला हातही लावला नव्हता. ते काळं होताना मी पाहिलं. यासाठी मी बसते. असं घडताना दिसतं तेव्हा श्वास आपोआप थांबलेला असतो आणि नंतर लक्षात येतं की बाहेर केव्हाचं अंधारलंय.

डच चित्रकार व्हर्मीरचं ते लेस विणणाऱ्या मुलीचं चित्र मी विद्यार्थी असताना पुस्तकात पानभर पाहिलं होतं आणि मनात धरून बसले होते की मूळ चित्र भिंतभर असणार. लूव्रमधलं मूळ चित्र साधारण 24 सेंटिमीटर उंच आणि 21 रुंद आहे. म्हणजे पुस्तकाच्या पानाएवढंच. उशीतून सांडलेले लाल दोरे जवळून बघितले तर ते दोरे नसतातच, ओघळलेला रंग असतो. रेम्ब्रांटने 1630 मध्ये स्वतःचा एक चेहरा तांब्याच्या पत्र्यावर कोरला, डोळे विस्फारलेला, टोपीवाला. तो पाच सेंटिमीटरच्या आसपास आहे. छापून मोठा केलेला बघितला की तो माणूस नुसता दचकलेला वाटतो. मूळ मापात त्याला बघायला आपल्याला वाकून जवळ जावं लागतं आणि मग आपण त्याला दचकवलंय असं वाटतं. माप हा चित्राचाच भाग आहे, रंगासारखा. फोनवर सगळं सारखंच झालंय. माझी गच्ची आणि वर्गातल्या त्या मित्राचा आठ फुटी कॅनव्हास, दोन्ही एकाच चौकोनात, एकाच अंगठ्याने सरकणारे.

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या दरबारात निकोलस हिलियर्ड होता, तळहातावर मावणारी व्यक्तिचित्रं काढणारा. वासराचं पातळ कातडं खेळायच्या पत्त्यावर चिकटवायचा आणि त्यावर रंगवायचा. 1600 च्या सुमारास त्याने या कामाबद्दल लिहून ठेवलं, त्यात सांगतो की चित्रकाराने रेशमी कपडे घालून बसावं, म्हणजे धूळ आणि तंतू चित्रावर पडत नाहीत. कामावर वाकून बोलू नये, थुंकी उडते. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाला तंतूची तीच धास्ती होती. मीसुद्धा काम करताना लोकरीचा स्वेटर घालत नाही, पुण्यात डिसेंबरातही.

हे दादाला सांगायला हवं होतं का? मला वाटतं नको. काय सांगणार, की तुझ्या भिंतीवरचं चित्र माझं नाही? त्याने इतक्या हौसेने लावलंय. चित्रकार नंदलाल बोस आठवले. काँग्रेसच्या 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी पोस्टर्स केली, दोन-दोन फुटांची, ठसठशीत रेघेची, मंडपातून येणाऱ्या-जाणाऱ्या शेकडो माणसांना लांबून दिसावीत म्हणून. आणि तोच माणूस आयुष्यभर मित्रांना, विद्यार्थ्यांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवत राहिला, एका वेळी एकाच माणसाने हातात धरून बघायची. दोन्ही मापं त्यांनी मनापासून वापरली. दादाच्या हॉलमध्ये त्या दिवशी चाळीसेक माणसं होती. त्याला चाळीसच्या चाळीस जणांना सांगायचं होतं की हे माझ्या बहिणीने काढलंय. दोन इंचांत ते त्याला कसं जमणार होतं? तर ते राहू दे तिथेच. छान उजेड पडतो त्या भिंतीवर.

पण आत्याचा प्रश्न राहतोच.

काल तिच्याकडे गेले. वाटेत वहिनीकडून मूळ चित्र घेतलं. तिने ते फ्लॅटच्या कागदपत्रांच्या फायलीत, बटर पेपरमध्ये गुंडाळून जपून ठेवलं होतं, कपाटाच्या लॉकरमध्ये. आत्याच्या हातात दिलं. म्हटलं, "हे खरं. यात बघ, तिला चेहरा आहे." तिने चष्मा वर केला, खाली केला, खिडकीपाशी गेली. मग चित्र माझ्या हातात परत देत म्हणाली, "माझ्या मोतीबिंदूला एवढं बारीक कुठलं दिसायला गं. मला आपलं दादाकडचंच बरं."

मी तयारीनिशी गेले होते, आणि हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिला ती बाई कधीच मागे वळून बघताना दिसणार नाही. तिच्यासाठी माझी गच्ची म्हणजे तीच, दोन बाय तीन फुटांची. "जवळ या" असं माझं चित्र म्हणतं खरं, पण जवळ येऊनही ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मी काय केलंय? मलाही आता चाळिशीचा चष्मा काढ-घाल करावा लागतो. तो विचार पुढे न्यायचा नाहीये.

आत्याने चहा टाकला. बोलता बोलता विषय सावंतवाडीवर गेला, तिच्या सासरच्या घरावर, तिथल्या पेटीतल्या गंजिफांवर. दशावतारी गंजिफा, 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा; राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. सुट्टीत आम्ही चितार आळीत लाकडी फळं घ्यायला जायचो आणि परत आल्यावर ते पत्ते मोजायचा हट्ट करायचो. मत्स्याच्या पत्त्यांवर एकापासून दहापर्यंत मासे, म्हणजे दहा पत्त्यांत 55 मासे. चिताऱ्याने ते सगळे एकाच हाताने, कुठेही न अडखळता काढलेले. दश्शीच्या पत्त्यावर तेवढ्याशा गोलात दहा मासे बसवायचे आणि खेळणाऱ्याला ते क्षणात कळायलाही हवेत. आत्या म्हणाली, "सासूबाईंना सत्तरीतसुद्धा कंदिलाच्या उजेडात पत्ता ओळखता यायचा."

हे ऐकलं आणि घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं. चिताऱ्याचं छोटेपण माझ्यापेक्षा वेगळं आहे. सपाट भक्कम रंग, त्यावर एक ठाम रेघ, सावली नाही, धूसरपणा नाही. माझं सगळं कौशल्य कमी सांगण्यात, त्याचं थोडक्या जागेत पूर्ण सांगण्यात. मी इतकी वर्षं छोटं म्हणजे पुसट असंच धरून चालले. तळहाताएवढं चित्र म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसू शकतं, त्याची रीत आमच्याच कोकणात होती, आणि मी हिलियर्डचं रेशीम वाचत बसले होते.

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या कागदाची शेवटची पट्टी उरली आहे. तिच्यावर वाटी ठेवून तीन गोल आखलेत. गोलाला कोपरा नाही, त्यामुळे टाकी कुठे टेकवायची हाच पहिला पेच. दोरी सरळ न काढता कडेने फिरवली तर? कपडे मग माशांसारखे गोल लागतील, पंचा, परकर, टॉवेल, एकामागे एक. जमीन, म्हणजे मागचा सपाट रंग, पिवळी की काळी ते ठरत नाहीये. पोस्टर कलर दाट लावायचा तर कागद आधी घोटायला हवा, चिताऱ्यांसारखं लाखेचं रोगण काही मला झेपणार नाही. घोटायचा अकीक दगड मिळेपर्यंत स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटते. बाईला या वेळी डोळे काढायचे, दोन, मोठे, काळ्या रेघेत.