बर उठला का ते आधी बघा

जुलैत आंब्याच्या कोय कलमांची (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधायची) धांदल सुरू झाली की आमच्या नर्सरीत दोन प्रश्न रोज ऐकू येतात: पाऊस उघडीप देईल का, आणि चाकूला धार लावायला दगड कोणता घेऊ. पहिल्याच्या नादी कोकणात कोणी लागत नाही. दुसऱ्याचं उत्तर मी देते आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला एखादं भारी नाव हवं असतं, जपानी असेल तर उत्तमच. मी म्हणते, हार्डवेअरच्या दुकानात जा आणि काळपट दुहेरी दगड घे. एक बाजू रफ, एक फाईन. काही शे रुपयांत काम होतं.

घेताना एवढं बघायचं की दगड सपाट आहे. दुकानातलीच पोलादी पट्टी मागा, दगडावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर दुसरा काढायला सांगा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. कोपरे उडालेले नकोत. लांबी सहा इंच असली तरी खिशातल्या चाकूला पुरते, आठ इंची असेल तर हात मोकळा चालतो.

आता महागडा बारीक दगड आधी का घेऊ नये, ते सांगते. बोथट झालेल्या पात्याची कड भिंगातून बघितली तर ती गोल झालेली असते. दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना भेटतच नाहीत. दगडाचा नंबर जितका मोठा तितके त्याचे कण बारीक, आणि 6000 नंबरचा दगड इतका बारीक की तो पोलाद जेमतेम खरवडतो. तासभर घासलं तर उतार आरशासारखे चमकतात, फोटो छान येतो आणि चाकू आंबा सोडा, केळंही नीट कापत नाही. कडेपर्यंत दगड पोहोचलेलाच नसतो. ते काम रफ बाजूचं आहे.

आणि ते झालं की नाही हे ओळखायची एकच खूण: बर. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी चिंचवडच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या हत्यारं बनवायच्या विभागात झाली, त्यामुळे आमच्या घरात ‘धार आली का’ असं कोणी विचारत नाही, ‘बर उठला का’ असं विचारतात. एका बाजूने घासत गेलात की उतार शेवटी कडेपर्यंत पोहोचतो आणि तिथलं पातळ पोलाद तुटून न पडता दुसऱ्या बाजूला वळतं. तोच बर. डोळ्यांना सहसा दिसत नाही. अंगठ्याचं पेर पात्याच्या पाठीकडून कडेच्या दिशेने, कडेवरून बाहेर जाईल असं अलगद फिरवा. कडेच्या लांबीने कधीही नाही, बोट कापेल. जिथे किंचित अडकल्यासारखं, खरखरीत लागेल तिथे बर आहे, गुळगुळीत लागेल तिथे नाही. मुठीपासून टोकापर्यंत सलग लागला पाहिजे. मधे लागतो आणि टोकाला लागत नाही, हे नेहमीचं. कारण टोकाकडे पातं वळतं आणि तिथे मूठ थोडी उचलावी लागते, ती उचलली जात नाही. टोकाला बर येईपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार बिघडते ती इथेच, घाईत बाजू बदलल्यामुळे.

कोनाचा लोक फार बाऊ करतात. खिशातल्या चाकूला एका बाजूने 15 ते 20 अंश पुरे. अंश हाताला कळत नाहीत, मिलिमीटर कळतात. पातं 20 मिलिमीटर रुंद असेल तर 15 अंशांसाठी त्याची पाठ दगडापासून साधारण 5 मिलिमीटर वर राहिली पाहिजे आणि 20 अंशांसाठी 7 मिलिमीटरला जरा कमी. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेदोन मिलिमीटर जाड असतं. तीन नाणी एकावर एक ठेवून पाठ त्यांवर टेकवा, हाताला उंची कळली की नाणी काढा. पातं अरुंद असेल तर उंचीही त्या मानाने कमी. उतारावर मार्कर पेनने काळा रंग फासा आणि दोन हात मारून बघा. रंग फक्त वरच्या अंगाला गेला तर पाठ फार खाली आहे, फक्त कडेला गेला तर फार वर. हा मार्कर दगडापेक्षा जास्त शिकवतो, आणि त्याची किंमत काय, वीस रुपये.

मग राहिला दाब. कलमं बांधायला येणारे आमचे काका नव्या पोरांना दगडावर झुकलेलं बघितलं की ओरडतात, “दाबतंस कित्याक रे? वाटाप वाटतंस काय?” दाब सांगून कळत नाही म्हणून मी दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते, काटा शून्यावर आणते आणि त्यावरच घासायला लावते. रफ बाजूवर अर्ध्या किलोच्या आसपास, बर उठला की कमी करत करत शेवटी शंभर ग्रॅमच्याही खाली. आकडा समोर हलताना दिसला की पोरांचा हात आपोआप हलका होतो. शेवटचे हलके हात एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असे आळीपाळीने. बर झिजून जायला हवा. मऊ स्टेनलेसचा बर चिवट असतो, या बाजूचा त्या बाजूला वळत राहतो पण सुटत नाही. स्विस आर्मी चाकू असाच. धार लवकर लागते, बर जायला मात्र वेळ लागतो. तिथे जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-बारा वेळा ओढला की भागतं.

दगडांची जात थोडक्यात. तो काळपट दगड सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे कार्बोरंडम. 1891 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन हे चिकणमाती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवत असताना तो त्यांच्या हाती लागला, 1893 मध्ये पेटंट मिळालं. कण धारदार, पटापट कापतो. तपकिरी दगड अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, जरा सावकाश पण काम गुळगुळीत. जपानी पाण्याच्या दगडांत 1000 नंबरचा खरोखर सुरेख, आणि परवडत असेल तर माझी ना नाही. फक्त पॉलिश पेपरवरचा 1000 आणि जपानी दगडावरचा 1000 एक नव्हे. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे आणि जपानी 1000 चे कण अधिक बारीक असतात. हिऱ्याच्या पट्ट्या झिजून खोलगट होत नाहीत, ही त्यांची मोठी सोय. पण जोर लावलात तर वरचे कण उखडतात आणि महिन्याभरात उरते ती नुसती पत्र्याची पट्टी. ज्या महाग चाकूंच्या पोलादात व्हॅनेडियम हा धातू भरपूर असतो, त्यांना मात्र हिराच लागतो, कारण त्यातले कार्बाइडचे कण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. तसला चाकू आमच्याकडे कोणाच्या खिशात नाही.

बारीक दगडाची खरी गरज आम्हाला पडते ती कलमाच्या चाकूला. टोमॅटो, दोरी, पुठ्ठा यांना 1000 नंबरची धार उलट बरी, तिला बारीक दात असतात आणि ते पकडतात. पण आंब्याच्या काडीला पाचरीचा काप घ्यायचा तो एका ओढीत, सपाट आणि चिरडल्याशिवाय. काप उजेडात धरला की ओलसर चकाकला पाहिजे. त्यावर रेघोट्या दिसल्या तर धारेत खाच आहे. काप जरासा जरी फुगीर राहिला तरी काडी आणि रोप यांच्या सालीखालचे जिवंत थर नीट टेकत नाहीत, आणि कितीही घट्ट प्लास्टिक पट्टी गुंडाळली तरी काडी वाळते.

म्हणून कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो, दुसरी बाजू सपाट. घासायची रीतही वेगळी. उताराची बाजू दगडावर पूर्ण टेकवून घासायची, सपाट बाजूला सलग बर लागेपर्यंत. मग सपाट बाजू बारीक दगडावर अगदी आडवी ठेवून मोजके हात. तिथे पाठ केसभरही उचलायची नाही. एकदा उचलली की त्या बाजूलाही छोटा उतार पडतो, आणि मग चाकू लाकडात सरळ न जाता बाहेरच्या बाजूला सरकू लागतो. तो उतार काढायचा म्हणजे अख्खी बाजू पुन्हा सपाट करणं आलं. स्वयंपाकघरात वापरतात ती दोन पात्यांच्या फटीतून ओढायची धार काढणी या चाकूला अजिबात लावू नये, ती दोन्ही बाजू सारख्याच खरवडते.

पाणी की तेल यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हींचं काम कीस दगडात न बसू देता वर तरंगत ठेवणं. मी पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब वापरते. कार्बोरंडमचा कोरा दगड पाणी पितो, म्हणून आधी बुडवून ठेवायचा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढायचा. तेलच हवं तर शिवणयंत्राचं घ्या. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि एरवी चिकट होऊन दगडाची भोकं बुजवतं. एकदा तेल पाजलेला दगड पुन्हा पाण्यावर येणं कठीण, तेव्हा काय ते पहिल्या दिवशी ठरवा.

वापरून वापरून दगड मधे खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सपाट बाजू सपाट राहत नाही. दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारा, कडाप्प्याच्या ओट्यावर रफ पॉलिश पेपर ओला करून पसरा आणि दगड त्यावर फिरवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की झाला. ओटा आधी विचारून घ्या.

गावात सायकलवर चाक घेऊन येणारा धारवाला विळ्या-कोयत्यांना चांगला आहे, त्याच्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नाही. पण पातळ पात्याचा चाकू कोरड्या चाकावर देऊ नका. कड इतकी पातळ असते की क्षणात तापते. पोलाद निळं झालं म्हणजे तिथे उष्णता तीनशे अंशांच्या घरात गेली होती, आणि त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलं. पुढे धार लागते, पण टिकत नाही. निळा भाग घासून काढेपर्यंत दुसरा इलाज नाही.

पावसात कार्बन पोलादाचा चाकू दर वेळी कोरडा पुसून ठेवावा लागतो. आंब्याचा चीक तसाच राहिला तर पातं काळं पडतं, ते चालेल. लाल गंज चालणार नाही, तो थेट कड खातो. चामड्याच्या ओल्या म्यानात तर मुळीच ठेवू नका.

आणि डावखुऱ्यांनो, कलमाचा चाकू घेताना उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या. बाजारातले बहुतेक उजव्या हाताचे असतात आणि डाव्या हातात धरले की काप वाकडा जातो. आमच्याकडच्या एका मुलीला डाव्या हाताचा मिळेना, तेव्हा साध्या घडीच्या चाकूला रफ बाजूवर उलट्या अंगाने उतार पाडून दिला. अख्खी दुपार गेली, अर्धा दगडही गेला. तो चाकू आता दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही, त्यामुळे नर्सरीत न हरवणारा तेवढा एकच आहे.