तुम्ही विचारलंत म्हणून: वॉटरफर्डच्या कुळांचं मत

प्रश्न बहुतेक वेळा दोन हप्त्यांत येतो. आधी, "आयर्लंडमधल्या कुठल्याशा बंद पडलेल्या मतदारसंघाचं तुला एवढं काय पडलंय?" मग मी सांगायला लागले की दुसरा, "बरं, पण शेवटी त्या लोकांना मिळालं काय?" आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड काउंटीत, डंगारवन गावी राहायला आल्यापासून मी दोन्हींची तोंडदेखली उत्तरं देत आले. आज नीट देते.

आधी सोपं उत्तर, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. वॉटरफर्ड काउंटीचा जुना मतदारसंघ 1885 साली पूर्व आणि पश्चिम असा दुभागला. पश्चिम वॉटरफर्डमधून आल्फ्रेड वेब नावाचे डब्लिनचे क्वेकर (एका लहान ख्रिस्ती पंथाचे) मुद्रक 1890 ते 1895 लंडनच्या पार्लमेंटात होते. 1894 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष हेच. पुढच्या वर्षीचं अधिवेशन आपल्या पुण्यात भरलं. झाला भारताशी संबंध. आणखी एक हवा असेल तर कॅपोक्विनजवळ ड्रोमाना इस्टेटीचं प्रवेशद्वार बघा. आयर्लंडच्या हिरव्या झाडीत, पुलाच्या तोंडाशी, कांद्यासारखा घुमट असलेली कमान. फोटो पाठवला की हमखास विचारतात, "हे मंदिर आहे की मशीद?" दोन्ही नाही. मालक लग्न करून घरी येणार म्हणून कुळांनी आधी तात्पुरती कमान उभारली होती, तिची ही पक्की आवृत्ती.

लोकांचं समाधान इथे होतं. माझं होत नाही, कारण ज्याच्यासाठी ती कमान उभारली त्या हेन्री विलियर्स स्टुअर्टचं नाव मी ज्या निवडणुकीमुळे ऐकलं, ती 1826 ची.

काउंटीत दोन जागा होत्या. त्यातली एक बेरेसफर्ड घराण्याची, म्हणजे करामोरच्या मार्क्विसची (मोठ्या उमरावाची) घरची जागा असल्यासारखीच. लॉर्ड जॉर्ज बेरेसफर्ड 1814 पासून खासदार होते. कॅथलिकांना, म्हणजे इथल्या बहुसंख्य लोकांना, 1793 पासून मत देता येई, पण पार्लमेंटात बसता येत नसे. मतदार कोण, तर बहुतांशी चाळीस शिलिंगवाले. कुणाच्या तरी हयातीपर्यंतचा जमिनीचा पट्टा, आणि खंड वजा जाता वर्षाला चाळीस शिलिंग हाती राहतील एवढा त्यातला हक्क. जमीनदारांनी असे पट्टे भरमसाट वाटले होते, कारण पट्टा दिला की एक मत आपल्या खिशात. गुप्त मतदान यायला 1872 उजाडायचं होतं. कूळ मतदानाच्या जागी उभं राहायचं आणि मालकाचा कारभारी समोर असताना मोठ्याने नाव सांगायचं.

त्या वर्षी कॅथलिक असोसिएशनने, म्हणजे कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने, बेरेसफर्डविरुद्ध तरुण स्टुअर्टला उभं केलं. तोही प्रोटेस्टंट आणि जमीनदारच, पण कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूचा. आखणी टॉमस वाइज या वॉटरफर्डच्याच कॅथलिक जमीनदाराची. गावोगाव सभा झाल्या, पाद्री वेदीवरून बोलले, निवडणूक होईपर्यंत दारूला शिवायचं नाही असं ठरलं आणि लोकांनी ते पाळलं. मग बेरेसफर्डांची स्वतःची कुळं एकामागून एक येऊन स्टुअर्टचं नाव सांगू लागली. मतदान काही दिवस चालायचं. ते संपायच्या आधीच लॉर्ड जॉर्जनी माघार घेतली.

करामोरच्या शिकाऱ्याची एक गोष्ट सांगतात. मार्क्विसने आपल्या जुन्या, लाडक्या नोकराला विचारलं, तूसुद्धा मला सोडणार? तो म्हणाला, मालक, तुमच्यासाठी जगाच्या टोकापर्यंत येईन, पण माझ्या देशाविरुद्ध आणि धर्माविरुद्ध मला जाता येत नाही. ही विजेत्यांनी जपलेली गोष्ट आहे, तिला घासूनपुसून लकाकी आणलेली असणार, हे मला कळतं. तरी मी ती सोडत नाही. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताचं कूळ होते. खोताच्या अंगणात उभं राहून "नाही" म्हणायला काय लागतं ते आमच्या घरात कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही.

इथे मला अडवतात. म्हणतात, "अगं, ती मतं पाद्र्यांची. आधी मालकाने हाकललं, मग पाद्र्याने." याने माझं डोकं फिरतं. पाद्री रागावला तर छप्पर जात नव्हतं. मालक रागावला तर जात होतं, आणि हे मत देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निकालानंतर तेच झालं. वर्षानुवर्षं चालू दिलेली थकबाकी एकदम मागितली गेली, घरं खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या, आणि असोसिएशनला या कुळांसाठी वेगळा निधी उभा करावा लागला.

पण खरं बोलायचं तर धाक दुसऱ्या बाजूलाही होता. रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर तुमच्याबद्दल बोललं जाणं ही लहान गोष्ट नाही. जो मालकाच्या बाजूने राहिला, भीतीने किंवा खऱ्या निष्ठेने, त्याचं पुढे गावात कसं निभावलं असेल? त्याची गोष्ट कुणी जपली नाही. मीही त्याच्याबद्दल चार वाक्यांपुढे जाऊ शकत नाही, आणि ते मला डाचतं.

आता दुसरा प्रश्न, मिळालं काय. वॉटरफर्डने वाट दाखवली, 1828 मध्ये क्लेअरच्या अशाच कुळांनी असोसिएशनचा नेता, खुद्द डॅनियल ओ'कॉनेल, याला निवडून दिलं, आणि 1829 मध्ये सरकारला कॅथलिकांसाठी पार्लमेंटचं दार उघडावं लागलं. त्याच वेळी, जोडीच्या कायद्याने, काउंटीतल्या मताची पात्रता चाळीस शिलिंगांवरून, म्हणजे दोन पौंडांवरून, दहा पौंडांवर नेली. म्हणजे पाचपट. ज्यांनी दार ढकललं त्यांचंच मत गेलं. आयर्लंडभरचे काउंटी मतदार दोन लाखांच्या वरून चाळीस हजारांच्या आत आले.

ओ'कॉनेलने यावर पुरेसं भांडण केलं नाही. 1825 मध्येही तो हाच सौदा मान्य करायला तयार झाला होता, मग कुळांना पुन्हा कधी सोडणार नाही असं म्हणाला होता. पूर्वी मी त्याची बाजू घ्यायचे. म्हणायचे, दोन्हींतलं एकच मिळत होतं, आणि जे मिळालं ते पुढच्या सगळ्या पिढ्यांना मिळालं. उघड्या मतदानात गरिबाचं मत म्हणजे त्याच्याच मानेवर सुरी, ते गेलं तर सुटलाच. आज यातलं शेवटचं वाक्य मला सहन होत नाही. सुटला की नाही हे त्याला विचारायला हवं होतं. वकील, व्यापारी, सधन शेतकरी पार्लमेंटात जाऊ शकले. कूळ जिथे होतं तिथेच राहिलं, उलट मालकाला त्याला पट्टा देण्याचं कारणही उरलं नाही. पण मग ती जुनी मी विचारते, कायदाच झाला नसता तर? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिला गप्पही बसवता येत नाही.

पुढचा इतिहास तुम्हाला हवा तर आहे: दुभागलेल्या जागा 1918 मध्ये पुन्हा एक झाल्या, तिथून शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाचे काहल ब्रू निवडून आले, लंडनला गेलेच नाहीत, आणि जानेवारी 1919 मध्ये डब्लिनच्या पहिल्या डॉलच्या (आयर्लंडच्या स्वतःच्या संसदेच्या) बैठकीत अध्यक्षस्थानी बसले. 1922 मध्ये लंडनच्या पार्लमेंटातली ही जागाच संपली. अभिमानाने सांगावं असं आहे हे, आणि इथले लोक सांगतातही.

पण "मिळालं काय" असं विचारता तेव्हा मला 1918 आठवत नाही, 1830 आठवतं. विलियर्स स्टुअर्टने जागा सोडली, पोटनिवडणूक झाली, आणि चाळीस शिलिंगवाल्यांना मत उरलेलं नसताना लॉर्ड जॉर्ज बेरेसफर्ड पुन्हा वॉटरफर्डचे खासदार झाले.