गायलेले महाकाव्य आणि कोरलेला ठसा

सांगलीत मुलांना छापचित्रण शिकवताना व्लादिमीर फावोर्स्की या रशियन कलावंताचे काष्ठठसे दाखवल्याशिवाय माझे भागत नाही. त्यांतही ‘जंगार’ या महाकाव्यासाठी केलेल्या चित्रांपाशी मी हमखास रेंगाळतो, कारण कानाने जगलेली कथा कागदावर उतरताना तिचे काय उरते, हा प्रश्न ती चित्रे फार नेमकेपणाने विचारतात.

‘जंगार’ हे काल्मिक लोकांचे महाकाव्य. सतराव्या शतकात पश्चिमेकडे सरकत व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात पोहोचलेल्या ओइरात मंगोलांचे हे बौद्धधर्मीय वंशज आहेत. लहानपणीच पोरका झालेला जंगार, त्याचा बलदंड साथीदार होंगोर आणि बुंबा नावाचा देश, जिथे मरण नाही आणि प्रत्येक माणूस कायम पंचविशीतच असतो, असा या काव्याचा विस्तार आहे. दोंब्रा या तंतुवाद्याच्या साथीने ते गायले जाई आणि गायकाकडून गायकाकडे ऐकूनच जाई.

१९०८ मध्ये नोमतो ओचिरोव या काल्मिक विद्यार्थ्याने एलियन ओव्ला नावाच्या गायकाकडून या काव्याचे दहा सर्ग उतरवून घेतले आणि १९१० मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला शिळाछापावर प्रसिद्ध झाले. लिपी होती झाया पंडित या बौद्ध भिक्षूने १६४८ मध्ये सिद्ध केलेली, वरून खाली लिहिली जाणारी ओइरात लिपी. शिळाछापात खिळे जुळवावे लागत नाहीत. हाताने लिहिलेले अक्षर आपल्या वळणासकट कागदावर येते. त्यामुळे गायकाचा आवाज नाही तरी निदान लिहिणाऱ्याचा हात छापात शिल्लक राहतो, आणि मला हे मुळीच किरकोळ वाटत नाही.

फावोर्स्कीचे काम त्यानंतर तीस वर्षांनी आले. १९४० मध्ये सेम्योन लिपकिन यांचा रशियन अनुवाद प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी फावोर्स्कीने सहकाऱ्यांसोबत लाकडात चित्रे कोरली. त्याचे माध्यम आडव्या कापलेल्या लाकडाचे. खोडाच्या काटछेदाच्या या पृष्ठभागावर तंतू आडवे येत नाहीत, त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेला सारख्याच सफाईने फिरते आणि केसाएवढी पांढरी रेघ काढता येते. मात्र गायकाला जी मुभा असते ती कोरणाऱ्याला नाही. रंगात आलेला गायक घोड्याला खोगीर चढवण्याचा प्रसंग हवा तेवढा लांबवू शकतो, कोरणाऱ्याला त्यातला एकच क्षण निवडून बाकीचे सोडून द्यावे लागते. म्हणून छापचित्र कथा जपते असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. ते कथेच्या जागा जपते. ज्याला कथा ठाऊक आहे तो त्या जागेवरून पुढे सांगू शकतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो निदान कोणाला तरी विचारतो.

या चित्रांना पुढच्या इतिहासाने वेगळेच वजन दिले. २८ डिसेंबर १९४३ रोजी स्टालिनच्या राजवटीने अख्ख्या काल्मिक समाजाला, सुमारे ९३,००० माणसांना, गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे पाठवले. परतीची वाट १९५७ मध्ये मोकळी झाली, तोवर कित्येक जण मरण पावले होते. अशा वेळी गायकांची साखळी तुटते. छापाची ताकद त्याच्या अनेकपणात आहे. एकाच ठशाच्या प्रती दूरदूरच्या शहरांत विखुरलेल्या असतात, म्हणून मुलूख रिकामा केला तरी त्या सगळ्या एकदम हाती लागत नाहीत.

आमच्या जिल्ह्याला छपाई नवी नाही. १८०५ मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली होती. पण गीता आधीच पोथ्यांत सुरक्षित होती. मिरजेपासून फार दूर नसलेल्या आरेवाडीच्या बिरोबाची ओवी मात्र धनगरांच्या गळ्यातच राहिली. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, हे आपल्यावरचे मोठेच ऋण आहे. (ते फेडण्याची घाई आपल्याकडे कोणाला दिसत नाही, हा भाग वेगळा.)

त्यामुळे या वर्षी मुलांना लिनोकटसाठी, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून छापायच्या चित्रांसाठी, ओवीतले प्रसंग निवडायला सांगितले आहे. प्रसंग कोणता, हे आधी ओवी गाणाऱ्यांना विचारायचे, कारण आपल्या डोळ्यांना देखणा वाटणारा क्षण आणि गायक ज्या क्षणी ढोल थांबवून गद्यात कथा सांगू लागतो तो क्षण, हे बहुधा निराळे असतात. लिनोवर चित्र उलटे कोरावे लागते, नाहीतर भंडारा उधळणारा उजवा हात छापात डावा होतो आणि जाणकार माणूस ते चित्र बाजूला ठेवतो. पहिला कच्चा छाप गायकालाच दाखवायचा, त्याने सुचवलेले बदल शक्य असतील तर करायचे, नसतील तर लिनोचा नवा तुकडा घ्यायचा.

छापचित्राखाली चित्रकाराने पेन्सिलीने सही करण्याची प्रथा आहे. एलियन ओव्लाचे नाव आज माहीत आहे ते ओचिरोवने त्याची ओळख पुसू दिली नाही म्हणून. आमच्या प्रत्येक प्रतीवर डाव्या कोपऱ्यात ओवी गाणाऱ्याचे नाव व गाव येईल आणि कोरणाऱ्या विद्यार्थ्याची सही त्यानंतर. प्रतींपैकी एक गायकाच्या घरी, एक त्याच्या गावच्या शाळेत आणि उरलेल्या जिल्ह्याबाहेर जातील, असे ठरवले आहे.